माहेरी राहिलेले नाव

मुलीचे नाव ठेवणे हे काम दिसते तितके सोपे नाही, हे ज्यांच्या घरी नुकताच पाळणा हलला असेल त्या वाचकांस सांगावयास नको. त्यातून घरात शिकलेली सून असावी, वडीलधारी माणसे हयात असावीत, आणि घर महाराष्ट्राबाहेर असावे, म्हणजे तर या प्रश्नाला नाना फाटे फुटतात. गेल्या मार्गशीर्षात आमच्या घरी नात आली. तीस वर्षांच्या नोकरीत आम्ही शाळेच्या रजिस्टरात हजारो मुलांची नावे लिहिली असतील; पण स्वतःच्या नातीचे एक नाव काही बाराव्या दिवसापर्यंत ठरेना. बारसे लांबले. शेजारच्या बायका विचारीत, 'गुरुजी, नाव काय ठेवलंत?' आणि आम्ही निमूटपणे विषय बदलीत असू.

सूनबाईंच्या अटी तीनच होत्या. नाव जुने असावे. त्याला काही अर्थ असावा. आणि उद्या वर्गात त्याच नावाच्या चार मुली नसाव्यात. तिसऱ्या अटीचे मर्म आम्हांला ठाऊक होते. शाळेचे जे जाडजूड पुस्तक आमच्याकडे 'दाखिल-खारिज' म्हणून ओळखले जाते, ते चाळीत गेले की नावांच्या लाटा डोळ्यांसमोरून सरकतात. सर्वांत जुन्या पानांवर पार्वती, यशोदा, भागरथी. पुढे कमला, विमला, निर्मला, शकुंतला. त्यानंतर सुनीता, अनिता, संगीता, ममता. मग पूजा, प्रियंका, नेहा. आणि आता आराध्या, अनन्या, परी. प्रत्येक लाट आली तेव्हा ती नवीनच होती, आणि प्रत्येक आईबापांना आपण काही वेगळे नाव ठेवले असे मनापासून वाटले होते. चार वर्षांनी मुलगी शाळेत येई, तेव्हा गुरुजींना 'पूजा पहिली' आणि 'पूजा दुसरी' अशी हजेरी घ्यावी लागे.

वेगळेपणाच्या या हौसेपायी हल्ली दुसरेच एक टोक गाठले जाते. दोन-चार गोड अक्षरे जुळवून नाव तयार होते आणि मग त्याला संस्कृतातला अर्थ चिकटवला जातो. मोबाइलवर त्याचा अर्थ 'देवी लक्ष्मी' किंवा 'तेजस्विनी' असा छापलेला असतो. कोशात मात्र तो शब्दच सापडत नाही. मराठीचा शिक्षक म्हणून आम्हांस याचे दुःख होते. तेव्हा सूनबाई जुन्या नावांकडे वळल्या याचा आम्हांला आनंदच झाला. आम्ही कपाटातली पुस्तके खाली काढली.

शास्त्रापासून आरंभ केला. पारस्कर गृह्यसूत्राचे सांगणे असे की, मुलीच्या नावात अक्षरे विषम असावीत आणि नाव आकारान्त असावे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात मुलीचे नाव सहज उच्चारता येणारे, कठोर नसलेले, स्पष्ट अर्थाचे, मनोहर, मंगल, शेवटी दीर्घ स्वर असलेले आणि आशीर्वादपर असावे असे म्हटले आहे. येथवर सारे ठीक. पण तिसऱ्या अध्यायात वधू कशी निवडावी हे सांगताना नक्षत्र, वृक्ष, नदी, पर्वत, पक्षी, सर्प यांची नावे असलेली मुलगी टाळावी असे सांगितले आहे. आमच्या मराठी घरांनी मात्र या निषेधाला कधी भीक घातली नाही. गंगा, यमुना, गोदावरी, कृष्णा, भीमा, नर्मदा, चंद्रभागा ही नावे पिढ्यान्‌पिढ्या चालली. मैना आणि साळू पाखरांच्या नावाने नांदल्या. तुळसा आणि चाफा अंगणातून घरात आल्या. पोथीपेक्षा आजीबाईंची हाक मोठी ठरली.

राहता राहिले नक्षत्र. सत्तावीस नक्षत्रे, प्रत्येकाचे चार चरण, म्हणजे एकशेआठ आद्याक्षरे. यालाच अवकहडा चक्र म्हणतात. आमच्या नातीच्या वाट्याला आलेल्या अक्षरावरून एकही नाव सूनबाईंच्या मनास येईना. पण यावरही आपल्या पूर्वजांनी तोड काढून ठेवली आहेच. जन्मनाव पत्रिकेपुरते आणि हाक मारावयाचे नाव निराळे, ही रीत जुनीच आहे.

मग आम्ही इतिहासाकडे वळलो. महानुभावांची महदाइसा, ज्ञानदेवांची बहीण मुक्ता, नामदेवांच्या घरची जनी, तुकोबांना गुरू मानणारी बहिणा, शंभुराजांच्या मातोश्री सई, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे, नागपूरच्या बांकाबाई भोसले. 1853-54 साली नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत आमचा हा मुलूख भोसल्यांच्याच अमलाखाली होता, त्यामुळे बांकाबाईंचे नाव घेताना आम्हांला थोडे घरचे वाटले. सूनबाई हसल्या. म्हणाल्या, 'बाबा, मुलीला हिंदीत बांका म्हणून चिडवतील.' तेही खरेच. सई आणि मुक्ता ही नावे तर आता पुन्हा घरोघर ऐकू येऊ लागली आहेत.

या शोधात एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. ती पूर्वीही वाचलेली होती. पण घरात मुलगी जन्मली म्हणजे वाचलेले निराळे भासते. जिच्या नावाने आपण थोर स्त्रीला ओळखतो, ते पुष्कळदा तिचे पहिले नाव नव्हेच. झांशीची राणी लक्ष्मीबाई मूळची मणिकर्णिका. अमेरिकेत जाऊन 1886 साली वैद्यकीची पदवी मिळविणाऱ्या आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी रमाबाई, त्यांचेही माहेरचे नाव यमुनाच. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक माहेरी होत्या मनकर्णिका. मांडवात नवरा ताटभर तांदळात अंगठीने नवे नाव लिही, सगळ्यांना साखर वाटली जाई, आणि दहा-पंधरा वर्षे जिने ज्या नावाला 'ओ' दिली ते नाव त्या साखरेबरोबर विरघळून जाई. या थोर स्त्रियांची माहेरची नावे चरित्रकारांनी टिपून ठेवली म्हणून आपल्याला कळतात. आपल्या पणज्यांची कोणी टिपली?

आमच्या गावाचीच गोष्ट पाहा ना. 1867 साली बालाघाट जिल्हा बनला तेव्हा घाटावरच्या मुलखाला दिलेले ते नाव होते. जिल्ह्याचे ठाणे जेथे होते त्या गावाचे नाव बुऱ्हा. पुढे जिल्ह्याचे नावच गावालाही पडले आणि बुऱ्हा मागे राहिले. गावाचेदेखील लग्न लागले म्हणावयाचे!

पण हे नेहमीच असे होते काय? वाकाटकांच्या इतिहासात एक ठळक अपवाद आढळतो. प्रभावतीगुप्ता ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. तिची आई नागकुळातली कुबेरनागा. वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन याच्याशी तिचा विवाह झाला. पती अकाली निवर्तल्यावर मुले लहान असल्यामुळे रामटेकजवळच्या नंदिवर्धनाहून तिने कारभार पाहिला. पंधरा-सोळाशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट. तिच्या ताम्रपटांत तिने माहेरच्या गुप्त घराण्याची वंशावळ दिली आहे, आणि गोत्रही सासरचे विष्णुवृद्ध न सांगता वडिलांचे धारण सांगितले आहे. याच घराण्याचा एक ताम्रपट आमच्या जिल्ह्यात सापडला व तो 'बालाघाट ताम्रपट' म्हणूनच अभ्यासकांत प्रसिद्ध आहे. तो दुसऱ्या पृथिवीषेणाचा. त्यात त्याने आपल्या आईचे नाव नोंदविले आहे: अज्झितभट्टारिका, कुंतलाधिपतीची कन्या. तांब्यावर कोरले गेले म्हणून एका राणीचे नाव टिकले. वर्गात वाकाटकांचा उल्लेख निघाला की ही माहिती आम्ही कितीतरी वर्षे मोठ्या अभिमानाने सांगत आलो आहोत.

आणि आता आमच्या लाजेची गोष्ट सांगतो.

आमच्या न्हाणीघरात एक पितळी गुंड आहे. आम्हांला समजू लागले तेव्हापासून तो तेथेच आहे. बाळाच्या अंघोळीचे पाणी त्यातच काढावे असे आमच्या सौभाग्यवतींनी ठरविले व चिंच लावून तो घासावयास घेतला. पुष्कळ वर्षांचा काळपटपणा निघाला, तशी काठाखाली ठोक्याठोक्यांची अक्षरे दिसू लागली. सूनबाईंनी ती मोठ्याने वाचली, 'चि. सौ. कां. द्वारका हिस आजीकडून.'

'द्वारका कोण?' सूनबाईंनी विचारले.

आम्हांला सांगता येईना. सौभाग्यवतींनाही येईना. पलीकडच्या खोलीत आमच्या मातोश्री जपाला बसल्या होत्या. ऐंशी वर्षांच्या आहेत. कान अजून तिखट आहेत. त्या आतूनच म्हणाल्या, 'काय शोधून राहिले रे तुम्ही इतकं? मीच ती. माहेरचं नाव माझं.'

आमच्या आईचे नाव विमल. रेशनकार्डावर विमल, आधारकार्डावर विमल, देवळातल्या देणगीच्या पावतीवर विमल. साठांहून अधिक वर्षांपूर्वी ती तिरोड्याहून लग्न होऊन आली, गोंदियाहून तेव्हाच्या छोट्या लाइनीने. 1956 च्या 1 नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना झाली होती. भंडारा जिल्हा मुंबई राज्यात गेला होता व बालाघाट मध्यप्रदेशात राहिले होते. त्यामुळे चार घटकांच्या त्या प्रवासात तिचे राज्य बदलले, आडनाव बदलले आणि नावही बदलले. ते का बदलले म्हणून विचारले, तेव्हा ती सहज म्हणाली, 'द्वारका म्हणे जुनाट वाटते. तुझ्या बाबांच्या मावशीनं विमल सुचवलं. तेव्हा तेच नव्या चालीचं होतं.' म्हणजे जे नाव जुने म्हणून टाकले, तेच जुने म्हणून आज सूनबाई शोधीत होत्या! आणि आम्ही, मराठीचे एम.ए., अज्झितभट्टारिकेचे नाव तोंडपाठ असलेले, जन्मभर ज्या गुंडातल्या पाण्याने न्हालो त्यावरचे आईचे नाव कधी वाचले नव्हते.

सूनबाईंनी तेथल्या तेथे नाव ठरवून टाकले. पण गोष्ट इतकी सरळ नव्हती.

पहिली हरकत आम्हीच घेतली, आणि ती मुख्याध्यापकाची होती. हिंदी मुलखात द्वारका हे पुरुषाचे नाव समजतात. मध्यप्रदेशाचे 1963 ते 1967 या काळातले मुख्यमंत्री द्वारकाप्रसाद मिश्र होते, हे येथे सर्वांना ठाऊक आहे. तीर्थक्षेत्रांच्या नावांचा हा मोठा गमतीचा भेद आहे. आपल्याकडे द्वारकाबाई, मथुराबाई, काशीबाई, अयोध्याबाई. उत्तरेकडे द्वारकाप्रसाद, मथुराप्रसाद, काशीप्रसाद, अयोध्याप्रसाद. एकाच गावाच्या नावाने आपण लेकीला हाक मारतो, तर ते लेकाला. पोरीला जन्मभर 'मुलगा की मुलगी' हे सांगत बसावे लागेल, असे आमचे म्हणणे होते.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांना असल्या अडचणी नव्या नाहीत. हिंदीच्या लिखाणात 'ळ' नाही, म्हणून आपली मंजुळा शाळेत मंजुला होते. प्रज्ञाला आपण एका रीतीने हाक मारतो, शाळेतले सोबती 'प्रग्या' म्हणतात. रोमन लिपीत तिचे स्पेलिंग कोणते करावे यावर घरात एकमत होत नाही. अनसूया कार्यालयात अनुसुइया होऊन बाहेर येते. बडोद्याच्या, बेळगावच्या, इंदूरच्या, तंजावरच्या वाचकांनी आपापले अनुभव यात घालून घ्यावेत. म्हणून आमची सूचना अशी की, नाव पक्के करण्यापूर्वी ते शेजाऱ्याकडून एकदा मोठ्याने म्हणवून घ्यावे व स्थानिक लिपीत लिहून पाहावे. बिघडत असेल तर कितपत बिघडते व ते आपल्याला चालेल काय, याचा विचार आधी करावा. मुलगी दहावीच्या परीक्षेचा फॉर्म भरते तेव्हा नव्हे.

आमच्या हरकतीला सूनबाईंनी शांतपणे उत्तर दिले. 'लोक पहिल्यांदा चुकतील. ती सांगेल. मग ते तिला विसरणार नाहीत.' याच संदर्भात आम्हांला इरावती कर्वे आठवल्या. 1905 साली ब्रह्मदेशात मिंजान येथे त्यांचा जन्म झाला आणि तिथल्या इरावती नदीवरून वडिलांनी त्यांचे नाव ठेवले. परक्या मुलखातल्या नदीचे नाव मराठी मुलीला! तेव्हा किती जणांनी नाक मुरडले असेल, कोण जाणे. आज ते नाव आपल्याला परके वाटत नाही, कारण ते धारण करणारीने ते मोठे केले.

दुसरी हरकत मातोश्रींची, आणि ती अधिक अवघड होती. हयात वडीलधाऱ्या बाईचे नाव पोरीला ठेवू नये, अशी पुष्कळ घरांतली रीत. पोर हट्ट करील, आई रागावून नावाने ओरडेल, आणि तो अवमान वडिलांच्या नावाला लागेल. आई म्हणाली, 'मी गेल्यावर ठेवा हवं तर.' घरात कुणाला बोलवेना. मग सूनबाईच तिच्याजवळ जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, 'आजी, तुम्हांला या नावानं साठ वर्षांत कुणी हाक मारली?'

आई बराच वेळ गप्प होती. 'माझ्या भावानं मारली होती,' ती म्हणाली. 'तो गेला त्याला आता पंधरा वर्षं झाली.'

त्यानंतर तिने हरकत घेतली नाही. एवढेच म्हणाली की, पोरीचे लग्न होईल तेव्हा तिचे नाव कुणी बदलू नये. आम्ही तिला सांगितले की, नाव बदलण्याची सक्ती कोणत्याही कायद्यात नाही. ती केवळ रीत होती आणि आता मावळत चालली आहे. आमच्या सूनबाईंनीही आपले नाव बदललेले नाही. महाराष्ट्र शासनाने तर 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत सरकारी कागदपत्रांवर मुलाच्या नावापुढे आधी आईचे व मग वडिलांचे नाव लिहिण्याचा नियम केला आहे. पृथिवीषेणाने ताम्रपटात जे केले, ते आता साध्या माणसाच्या दाखल्यावर होऊ लागले आहे.

जुनी नावे तेवढी चांगली, असा मात्र आमचा दावा नाही. धोंडी, दगडी ही नावे मूल जगावे, दृष्ट लागू नये म्हणून ठेवली जात. त्यामागे माया तरी होती. पण तिसरी-चौथी मुलगी झाली म्हणून तिचे नाव 'नकोशी' ठेवणाऱ्या घरांची गोष्ट निराळी. 2011 च्या ऑक्टोबरात सातारा जिल्ह्यात एका समारंभात अशा 285 मुलींना नवी नावे देण्यात आली. त्या मुलींनी स्वतःची नावे स्वतः निवडली, असे त्या वेळी वाचले होते. नाव हा आईबापांनी मुलीला दिलेला पहिला दागिना म्हणतात. तो टोचणारा असेल तर उतरवून ठेवण्याचा अधिकार तिला असलाच पाहिजे. जुने नाव निवडताना म्हणूनच एवढे पाहावे की, ते नाव कुणाचे होते, आणि ते तिला प्रेमाने ठेवले गेले होते काय.

आता थोडे व्यवहाराचे. नाव ठरत नाही म्हणून जन्माची नोंद अडवून ठेवू नये. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे जन्माची नोंद 21 दिवसांच्या आत करावयाची असते. नाव नंतर घालता येते. नोंदणीपासून 12 महिन्यांपर्यंत त्यास शुल्क नाही आणि त्यापुढे 15 वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून नाव घालता येते. पण उशीर करू नये हेच बरे. 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू झालेल्या दुरुस्तीमुळे त्या दिवशी व त्यानंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पुढील बहुतेक कामांसाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा ठरला आहे. घरात चार नावे, दाखल्यावर पाचवे आणि शाळेत सहावे, असा पूर्वीचा गोंधळ आता परवडणारा नाही.

बारसे सव्वा महिन्याने झाले. पाळण्याजवळ घुगऱ्यांचे ताट होते, आणि तोच घासूनपुसून लख्ख केलेला गुंड होता. आत्याने बाळाच्या कानात 'कुर्र' करून नाव सांगितले. द्वारका: तीन अक्षरे, आकारान्त, म्हणजे पारस्करांचीही तक्रार नाही. अर्थ, अनेक द्वारांची नगरी. पाहुण्यांपैकी दोघांनी खरोखरच 'मुलगा का?' म्हणून विचारले. सूनबाईंनी हसून सांगितले.

त्यानंतर आठवड्याभराने सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातून बाळाला लाडाने हाक मारली, 'द्वारके, अगं द्वारके!' बाळ झोपलेले होते. पलीकडच्या खोलीतून आई म्हणाली, 'ओ.' मग तिची तिलाच खूण पटली असावी. ती पुन्हा जपाला लागली. आम्ही दोघांनीही काही ऐकले असे दाखविले नाही.

आमच्या वाचकांना एकच विनंती आहे. घरी मुलगी जन्मो वा न जन्मो, आपली आई, आजी, काकू, मामी यांपैकी ज्या कोणी हयात असतील त्यांना त्यांचे माहेरचे नाव विचारावे, आणि कुलवृत्तान्ताच्या वहीत ते लिहून ठेवावे. आपल्या कुलवृत्तान्तांत पुरुषांच्या दहा-दहा पिढ्या असतात आणि बायकांच्या जागी पुष्कळदा नुसतीच रेघ असते. ते नाव पुढे कुणाला ठेवावयाचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. विचारण्यास मात्र उशीर करू नये. आम्ही पंचावन्न वर्षे केला.